आठ सामन्यांचा बाप, पंधरा हंगामांचा मुलगा: फुटबॉलपटू पडद्यावर कसे पोचतात

२००९ साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘ब्रदर्स’ नावाची विनोदी मालिका आली. तिच्यात निवृत्त फुटबॉलपटूची भूमिका मायकल स्ट्रॅहनने केली होती आणि त्याच्या वडिलांची कार्ल वेदर्सने. दोघंही खरेखुरे व्यावसायिक फुटबॉलपटू. स्ट्रॅहन न्यूयॉर्क जायंट्सकडून १५ हंगाम खेळला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून निवृत्त झाला. वेदर्स १९७० आणि १९७१ मिळून ओकलंड रेडर्सकडून जेमतेम ८ सामने खेळला. पण सेटवर सगळं उलटं होतं. वेदर्स म्हणजे ‘रॉकी’मधला मुष्टियोद्धा अपोलो क्रीड, तीसेक वर्षं मुरलेला नट, स्ट्रॅहन नवखा. मालिका एका हंगामात गुंडाळली गेली. त्यानंतर स्ट्रॅहन अभिनयाच्या फंदात फारसा पडला नाही. २०१२ पासून तो सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सहनिवेदक झाला, २०१६ मध्ये ‘गुड मॉर्निंग अमेरिका’त गेला आणि तिथे पक्का बसला.

या जोडीत सगळं गणित दिसतं. खेळाडू जितका मोठा, तितका तो माइककडे, म्हणजे समालोचन-निवेदनाकडे, जाण्याची शक्यता जास्त. मैदानावर ज्याचं फारसं जमलं नाही, तो मात्र चांगला नट होऊ शकतो. अपवाद आहेत आणि ते पुढे येतीलच. आधी हे असं का होतं ते पाहू.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल: हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लांबट चेंडू, आणि एनएफएल ही ३२ संघांची लीग. आपल्या ओळखीच्या फुटबॉलकडे शेवटी येऊ.

एवढे नट याच खेळातून का?

पहिलं कारण भूगोल. क्लीव्हलंडचा रॅम्स संघ १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि १९९४ पर्यंत तिथेच होता. म्हणजे सव्वासहा फुटांचे धिप्पाड तरुण स्टुडिओंपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर राहत होते. त्याच पहिल्या हंगामात रॅम्सकडून खेळलेला वुडी स्ट्रोड पुढे ‘स्पार्टाकस’मध्ये कर्क डग्लसशी लढणारा ग्लॅडिएटर झाला. मर्लिन ओल्सन आणि फ्रेड ड्रायर हेही रॅम्सचेच.

दुसरं कारण कॅलेंडर. जुलैच्या अखेरीस सराव शिबिर, सप्टेंबर ते जानेवारी सामने. फेब्रुवारी ते जून तुलनेने मोकळे. अमेरिकी वाहिन्यांची जुनी पद्धत अशी की नव्या मालिकांचे पायलट, म्हणजे चाचणीचे पहिले भाग, वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये चित्रित करायचे. एखादी पाहुणी भूमिका किंवा पायलट यात चपखल बसतो. मालिका मंजूर झाली की मात्र चित्रीकरण जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं, नेमकं शिबिराच्या तोंडावर. म्हणून खेळत असताना छोटी कामं होतात, मुख्य भूमिका होत नाही.

तिसरं कारण खरं पोटापाण्याचं आहे. खेळाडू संघटनेच्या हिशेबाने एनएफएलमधली सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांच्या आसपास भरते. शिबिरात प्रत्येक संघ ९० जण घेऊ शकतो, पण हंगामाआधी यादी ५३ वर आणावी लागते. ३२ संघांचा हिशेब केला तर ऑगस्टच्या शेवटी काही तासांत जवळजवळ १२०० जणांना नारळ मिळतो. काहींना सराव पथकात परत घेतात. उरलेले पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी घरी. अंगात ताकद असते, शिस्त असते, हाती मात्र काम नसतं. आणि पंचविशी हे नट व्हायला उशिराचं वय नाही.

अशा नारळ मिळालेल्यांपैकी एक एड ओ’नील. १९६९ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला घेतलं आणि शिबिरातूनच काढलं. तो गावी परतला, शाळेत बदली शिक्षक म्हणून काम केलं, नाटकं केली. पुढे ‘मॅरिड... विथ चिल्ड्रेन’मधला अल बंडी म्हणून तो घराघरात पोचला. शाळेत असताना एकाच सामन्यात चार टचडाउन केल्याची बढाई आयुष्यभर मारणारा चपलांच्या दुकानातला विक्रेता! ही भूमिका त्याच्याइतकी आतून कुणाला कळणार होती?

माइकची वाट: चाळीस सेकंदांचा धंदा

समालोचन कक्षात साधारण दोन माणसं असतात. एक निवेदक, काय घडलं ते तो सांगतो, आणि तो बहुधा पत्रकारितेतून आलेला असतो. दुसरा विश्लेषक, म्हणजे माजी खेळाडू किंवा प्रशिक्षक. तसं का घडलं हे सांगणं त्याचं काम.

आता वेळेचा हिशेब पाहा. एक चाल सरासरी पाच-सहा सेकंद चालते. ती संपली की पुढची चाल सुरू करायला ४० सेकंद मिळतात. त्यातली पहिली काही निवेदकाची: कोणी चेंडू नेला, किती यार्ड मिळाले. मग रिप्ले. विश्लेषकाच्या वाट्याला येतात पंधरा ते वीस सेकंद. त्यात त्याला एक मुद्दा निवडायचा, रिप्लेतल्या माणसाकडे बोट दाखवायचं आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, रेषेवर येण्याआधी वाक्य पूर्ण करायचं. हे चालू असताना कानातल्या यंत्रातून निर्माता बोलतच असतो: “पुढचा रिप्ले डावीकडून, मग जाहिरात.” बोलता बोलता ऐकायचं आणि ऐकलेलं चेहऱ्यावर किंवा आवाजात उमटू द्यायचं नाही, हीच यातली सगळ्यात अवघड सवय.

क्वार्टरबॅक या कामात जास्त का दिसतात याचं उत्तर मैदानावरच्या कामात आहे. चाल ठरली की आपल्या अकराही जणांनी काय करायचं हे त्याला माहीत असावं लागतं, आणि समोरचा बचाव पाहून शेवटच्या क्षणी तो बदलही करतो. टोनी रोमो २०१७ मध्ये खेळातून थेट सीबीएसच्या कक्षात गेला आणि चाल सुरू होण्याआधीच ती कोणती असेल हे सांगू लागला. लोक चकित झाले. रोमो मात्र वर्षानुवर्षं करत आलेलं कामच आता मोठ्याने करत होता. २०२० मध्ये त्याचा करार वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा फॉक्सबरोबरचा करार १० वर्षांचा, ३७.५ कोटी डॉलरचा असल्याचं छापून आलं. २३ हंगाम खेळून त्याला पगार म्हणून मिळालेल्या रकमेपेक्षा हा आकडा मोठा आहे. मग तो ऑडिशनच्या रांगेत कशाला उभा राहील?

पण नाव मोठं म्हणून काम जमतंच असं नाही. डॅलसचा जेसन विटन २०१८ मध्ये निवृत्त होऊन थेट ईएसपीएनच्या सोमवार रात्रीच्या सामन्याला बसला. देशातली सगळ्यात जास्त नजरेत भरणारी खुर्ची, आणि आधीचा सराव शून्य. वर्षभर टीका झाली आणि २०१९ मध्ये तो पुन्हा पॅड चढवून मैदानात उतरला. चूक कुठे होते ते धंद्यातल्या लोकांना पाठ असतं. नवखा विश्लेषक प्रेक्षकाने नुकतंच पाहिलेलं पुन्हा सांगतो. संघाची खासगी परिभाषा वापरतो. जुन्या संघाबद्दल बोलताना त्याच्या तोंडून “आपण” निघतं. मित्राची चूक दिसली की गप्प बसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाल सुरू झाली तरी त्याचं बोलणं संपत नाही.

यावर उपाय नीरस आहे, पण चालतो. जुना सामना आवाज बंद करून लावायचा, स्वतःचं समालोचन ध्वनिमुद्रित करायचं, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून ऐकायचं की किती वाक्यं चाल सुरू झाल्यावर संपली. लीगने २००७ पासून खेळाडूंसाठी प्रसारणाची प्रशिक्षण शिबिरं सुरू केली. तिथे असाच सराव करून घेतात. त्यानंतरचा शहाणा रस्ता म्हणजे स्थानिक रेडिओ, मग कॉलेजचे दुय्यम सामने, मग राष्ट्रीय वाहिनी.

प्रेक्षकाला न दिसणारं आणखी एक काम म्हणजे सामन्याआधीच्या बैठका. समालोचक दोन्ही प्रशिक्षकांना आणि मुख्य खेळाडूंना भेटतात, आणि तिथे कळलेलं सामन्यात जपून वापरतात. या बैठकांचं मोल किती, हे ब्रेडीच्या बाबतीत उघड झालं. २०२४ मध्ये तो रेडर्सचा भागीदार मालक झाला, आणि दुसऱ्या संघांची गुपितं त्याच्या कानावर जाऊ नयेत म्हणून लीगने त्याला अशा बैठकांना बसायला बंदी केली. पुढच्या वर्षी ती सैल केली, पण तोवर कक्षातला सगळ्यात महागडा माणूस निम्मा गृहपाठ न करता येत होता.

अभिनयाची वाट: जमिनीवरच्या चिकटपट्टीपासून

इथे पहिली अडचण कार्डाची. अमेरिकेत मोठ्या चित्रपट-मालिकांत काम करायला सॅग-आफ्ट्रा या नटांच्या संघटनेचं सदस्यत्व लागतं, आणि सदस्यत्व मिळवायला काम केलेलं असावं लागतं. हा गुंता टाफ्ट-हार्टली कायद्याने थोडा सुटतो. निर्मात्याने सदस्य नसलेल्याला घेतलं, तर तसं का घेतलं याचा अहवाल काम सुरू झाल्यापासून १५ दिवसांत संघटनेला द्यायचा. विशेष कौशल्य हे त्यातलं मान्य कारण. फुटबॉलच्या दृश्यात खरं टॅकल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून पाडणं, करू शकणारा माणूस हवा, हे सांगणं निर्मात्याला सोपं जातं. माजी खेळाडूचा खरा फायदा इथे आहे. पहिल्या कामानंतर ३० दिवस कार्डाशिवाय चालतं, त्यापुढे सदस्य व्हावंच लागतं. प्रवेश शुल्क साधारण ३००० डॉलर.

पैशाचा फरक लक्षात घ्या. २०२४ मध्ये एनएफएलमधल्या अगदी नव्या खेळाडूचा किमान पगार हंगामाला ७ लाख ९५ हजार डॉलर होता. त्याच वर्षी जुलैपासून एका दिवसाच्या भूमिकेचा संघटनेने ठरवलेला किमान दर १२०४ डॉलर. त्यातले १० टक्के एजंटचे, आणि महिन्यात असा एक दिवस मिळाला तरी नशीब. जो तीन वर्षांत मिळालेले पैसे गाडी-घरात उडवून बसला, त्याला हा काळ काढता येत नाही. टेरी क्रूझ १९९७ मध्ये निवृत्त होऊन लॉस एंजेलिसला आला तेव्हा त्याने कारखान्यात झाडू मारला, सुरक्षारक्षकाचं काम केलं. खेळत असताना सहकाऱ्यांची चित्रं रंगवून विकायचा, ते वेगळंच. ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ ही मालिका मिळेपर्यंत २००५ उजाडलं.

सेटवर खेळाडूची काही जुनी सवय थेट उपयोगी पडते. शेकडो चाली पाठ करणं, आणि त्या दर आठवड्याला बदलणं, यामुळे रात्री आलेली पानं सकाळपर्यंत डोक्यात बसवणं त्याला जड जात नाही. दर सोमवारी सगळ्यांसमोर स्वतःच्या चुकांची चित्रफीत पाहिलेली असते, त्यामुळे दिग्दर्शकाने “पुन्हा” म्हटलं तर तो दुखावत नाही. पहाटे पाचची हजेरी म्हणजे पहाटे पाच, हे त्याला शिकवावं लागत नाही.

न जमणाऱ्या गोष्टी जास्त मनोरंजक आहेत. नटाने कुठे थांबायचं ते जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने टी आकारात आखलेलं असतं. खाली न बघता नेमकं तिथे थांबायचं, कारण जवळच्या शॉटमध्ये दोन-तीन इंच चुकलं तरी चेहरा धूसर होतो. मैदानावर वाढलेला माणूस आधी समोरच्याकडे बघतो, मग पाय ठेवतो. इथे पावलं मोजून ठेवावी लागतात. उपाय असा की तालमीत त्या खुणेवर उभं राहायचं, मग दृश्य जिथून सुरू होतं तिथपर्यंत उलटं चालत जाऊन पावलं मोजायची. कोणत्या पायाने सुरुवात केली तेही लक्षात ठेवायचं.

दुसरी अडचण चेहऱ्याची. हेल्मेटच्या जाळीमागे वर्षं गेलेली. दुखलं तरी दाखवायचं नाही, प्रतिस्पर्ध्याला काही कळू द्यायचं नाही, हेच शिकवलेलं. कॅमेऱ्याला मात्र नेमकं ते लपवलेलंच हवं असतं. म्हणून असे बरेच नट सुरुवातीला दगडी चेहऱ्याने संवाद म्हणतात आणि मारामारीतच काय ते मोकळे होतात.

तिसरी अडचण उंची. मर्लिन ओल्सन ६ फूट ५ इंच. त्याच्याशेजारी सहनटाला उभं केलं तर एकाचं डोकं चौकटीबाहेर जातं किंवा दुसऱ्याची फक्त हनुवटी दिसते. मग लहान माणसाला लाकडी पेटीवर उभं करतात; या पेट्या ठरावीक मापाच्या असतात, पूर्ण पेटी ८ इंच उंचीची. नाहीतर मोठ्याला बसवतात, दारात टेकवतात, पायरीखाली ठेवतात. भूमिका देणारे हे आधीच मोजतात, म्हणून ऑडिशनच्या चित्रफितीत नावानंतर उंची सांगावी लागते. तिथे दोन इंच वाढवून सांगण्याची खेळाडूंची खोड महागात पडते.

वेदर्सचं ‘रॉकी’चं ऑडिशन याच संदर्भात आठवतं. त्याच्यासमोर संवाद वाचायला एक बुटकासा माणूस होता. झाल्यावर वेदर्स म्हणाला की समोर खरा नट असता तर माझं अजून चांगलं झालं असतं. तो माणूस सिल्व्हेस्टर स्टॅलोन होता, चित्रपटाचा लेखक आणि नायक. अपोलो क्रीडला हवा होता तो नेमका हाच तोरा, आणि भूमिका मिळाली. ही युक्ती म्हणून वापरू नये हे वेगळं सांगायला नको. वेदर्सने कॉलेजात नाट्यशास्त्राचा अभ्यास केला होता हेही या किश्शाबरोबर सांगायला हवं. लोक ते विसरतात.

जॉन डेव्हिड वॉशिंग्टनचा प्रवासही असाच. २००६ मध्ये रॅम्सच्या सराव पथकात, मग एका छोट्या लीगमध्ये, २०१३ मध्ये टाचेची शीर तुटली आणि खेळ संपला. २०१५ मध्ये ‘बॉलर्स’ या मालिकेत त्याने फुटबॉलपटूच साकारला आणि २०२० मध्ये तो ‘टेनेट’चा नायक होता. वडील डेन्झेल वॉशिंग्टन, तेव्हा दार कुणी उघडलं असा प्रश्न येणारच. पण त्या दारातून आत जायला तो फुटबॉल हातातून सुटेपर्यंत थांबला.

मोठे खेळाडू जे नट झाले

जिम ब्राउन हा सगळ्यात ठळक अपवाद. ९ हंगाम, त्यातल्या ८ वेळा चेंडू घेऊन धावण्यात लीगमध्ये पहिला. १९६६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ‘द डर्टी डझन’चं चित्रीकरण पावसामुळे लांबलं आणि शिबिराची तारीख उलटली. संघमालकाने दंडाची धमकी दिली. ब्राउनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली, वयाच्या तिसाव्या वर्षी. आधी सांगितलेली कॅलेंडरची अडचण ती हीच.

ओल्सन १५ हंगाम खेळून १९७६ अखेर थांबला आणि ‘लिट्ल हाउस ऑन द प्रेअरी’त प्रेमळ शेतकरी झाला. शिवाय एनबीसीवर समालोचनही केलं. हे जमलं कारण दिसायला डोंगर आणि बोलायला मऊ, हा विरोधाभास लेखकांनी बरोबर हेरला. ॲलेक्स कॅरसचंही तेच. ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये घोड्याला ठोसा मारणारा रेड्यासारखा आडदांड माणूस, आणि ‘वेब्स्टर’मध्ये दत्तक मुलाचा हळवा बाप. उलट ब्रायन बॉसवर्थ: १९८७ मध्ये प्रचंड गाजावाजात आलेला, खांदा निकामी होऊन १९८९ मध्येच बाहेर. १९९१ मध्ये त्याला थेट मारधाडपटाचा नायक केलं आणि चित्रपट पडला. छोट्या भूमिकांची पायरी गाळली की असंच होतं.

फ्रेड ड्रायर ‘चिअर्स’मधल्या बारमालकाच्या भूमिकेसाठी शेवटच्या फेरीपर्यंत गेला होता. तो बारमालक आधी माजी फुटबॉलपटू असणार होता. भूमिका टेड डॅन्सनला मिळाली, आणि त्याची अंगकाठी पाहून पात्रालाच बेसबॉलपटू केलं. खऱ्या खेळाडूपेक्षा विनोदाची वेळ साधणारा नट निवडायचा आणि खेळ बदलायचा, हा वाहिनीचा हिशेब होता. ड्रायरला पुढे ‘हंटर’मध्ये पोलिसाची भूमिका मिळाली आणि ती १९८४ ते १९९१ चालली.

करार, आणि डोकं

अजून खेळत असलेल्यांसाठी एक गोष्ट. एनएफएलच्या ठरावीक करारात अट असते की दुखापतीचा मोठा धोका असलेलं कुठलंही काम संघाच्या परवानगीशिवाय करायचं नाही. घोडेस्वारी, मोटरसायकल, उंचावरून उडी: चित्रपटात हे सगळं येतं. परवानगी तोंडी घेऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वारंवार डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी मेंदूचा सीटीई नावाचा आजार होऊ शकतो आणि त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. ‘पोलीस अकॅडमी’तला हायटॉवर, म्हणजे माजी फुटबॉलपटू बबा स्मिथ, २०११ मध्ये वारला, त्याला हा आजार होता हे नंतरच्या तपासणीत कळलं. कॅरसला स्मृतिभ्रंश झाला आणि डोक्याच्या दुखापतींवरून लीगविरुद्ध झालेल्या दाव्यात तो पुढे होता. २०१२ मध्ये तो गेला. संवाद पाठ राहणं हे ज्याचं भांडवल, त्याच्यासाठी ही चिंता नेहमीच्या सांधेदुखीपेक्षा वेगळी आहे.

आपल्या ओळखीचा फुटबॉल

इंग्लंडमध्ये हंगाम ऑगस्ट ते मे चालतो, मोकळे मिळतात दोनच महिने, त्यामुळे तिथे खेळता खेळता नट होणं दुर्मीळ. एरिक कॅन्टोना १९९७ मध्ये तिसाव्या वर्षी खेळ सोडून चित्रपटात गेला. विनी जोन्स १९९८ मध्ये गुंडाच्या भूमिकेत आला. १९९२ मध्ये सामना सुरू झाल्यावर ३ सेकंदांत पिवळं कार्ड मिळवलेल्या माणसाला त्यासाठी वेगळी तयारी लागली नसावी. गॅरी लिनेकरने माइक धरला आणि १९९९ ते २०२५ बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’चं सूत्रसंचालन केलं.

भारतात बायचुंग भुतियाने २००९ मध्ये ‘झलक दिखला जा’ जिंकलं, पण तो पाहुणाच राहिला. खरा नट झाला तो आय. एम. विजयन. त्रिशूरच्या स्टेडियमवर सोड्याच्या बाटल्या विकणारा हा मुलगा भारताचा कर्णधार झाला. जयराज यांच्या ‘शांतम्’ या मल्याळम चित्रपटात त्याने काम केलं, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मग तमिळमध्ये ‘तिमिरू’चा खलनायक, २०१९ मध्ये ‘बिगिल’. मराठी माणसाच्या हातून हा प्रवास उलट्या दिशेने झाला: नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’साठी नागपूरच्या वस्त्यांतली मुलं घेतली, म्हणजे कॅमेऱ्यासाठी फुटबॉल.

विजयनला हे झेपलं त्यामागे एक साधी व्यवस्था होती: केरळ पोलिसांतली नोकरी. आपल्याकडे पोलीस, रेल्वे, बँका खेळाडूला पगार देतात आणि बूट काढल्यावरही तो चालू राहतो. क्रूझला भूमिकेची वाट बघताना रखवालदारी करावी लागली, कारण अमेरिकेत करार संपला की संघाचा पगार त्याच दिवशी थांबतो. सरकारी नोकरीत मात्र चित्रपटात काम करायला वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, आणि निर्मात्याला तारखा पुढच्या आठवड्याच्या हव्या असतात.